धडधड थांबली म्हणून गोळी थांबत नाही

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या औषधांच्या दुकानात ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांतल्या काहींवर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांखाली एक ओळ अशी असते, की खर्च आटोक्यात ठेवायचा म्हटले की गिऱ्हाईक सर्वांत आधी तिच्यावरच बोट ठेवते. "भाऊ, ही या महिन्यात राहू द्या, आता धडधड होत नाही," असे सांगितले जाते. ती ओळ बहुतेक वेळा ॲपिक्साबॅन, रिवरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान किंवा ॲसेनोकूमारॉल यांपैकी एखाद्या औषधाची असते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्या रक्तात गुठळी होऊ नये आणि ती मेंदूत जाऊन लकवा होऊ नये, यासाठी ते औषध दिलेले असते. डोकेदुखीची गोळी बंद केली की डोके दुखते, ॲसिडिटीची बंद केली की जळजळते. ही गोळी बंद केल्यावर मात्र काहीच जाणवत नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. पण दुकानाच्या फळीमागे उभे राहून जे सारखे दिसते, त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

अनियमित ठोक्यांचे अनेक प्रकार आहेत आणि मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे हे बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते. लकव्याशी ज्याचा थेट संबंध आहे, तो प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर चिठ्ठीवर त्याला नुसते 'एएफ' लिहितात. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने नुसते थरथरत राहतात. त्यांतले काही मोजकेच संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत, म्हणजे निलयांपर्यंत पोहोचतात आणि तेही कसलाही ताल न धरता, त्यामुळे नाडी पूर्णपणे विस्कळीत लागते. थरथरणाऱ्या अलिंदातून रक्त जोराने पुढे ढकलले जात नाही. डाव्या अलिंदाला बोटाच्या पेराएवढी एक आंधळी थैली चिकटलेली असते. ओढ्याच्या कडेला डबक्यात पाणी साचावे तसे रक्त तिथे साचते आणि गोठते. झडपांचा आजार नसलेल्या एएफच्या रुग्णांमध्ये अलिंदात सापडलेल्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के गुठळ्या याच थैलीत सापडल्या आहेत. तिथून सुटलेली गुठळी महाधमनीतून निघून मानेच्या रक्तवाहिनीने मेंदूकडे गेली, की मेंदूच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. म्हणूनच एएफमुळे होणारा लकवा इतर कारणांनी होणाऱ्या लकव्यापेक्षा सहसा मोठा असतो, आणि त्यातून वाचलेल्या माणसाला अंथरूण किंवा परावलंबन येण्याची शक्यताही जास्त असते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एएफ असलेल्यांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धडधड जाणवते की नाही, दम लागतो की नाही, यावर गुठळीचा धोका ठरत नाही. कित्येकांना एएफ असूनही काहीच जाणवत नाही आणि त्यांचा आजार प्रथम कळतो तो लकवा झाल्यावर, रुग्णालयात ईसीजी काढला जातो तेव्हा. काहींचा एएफ येतो आणि आपोआप जातो. तपासणीच्या दिवशी ईसीजी अगदी स्वच्छ निघतो आणि 'काही नाही' म्हणून माणूस घरी परततो. अशा वेळी डॉक्टर चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ छातीवर लावून ठेवायचे होल्टर यंत्र सुचवतात, ते टाळू नये.

पासष्टीच्या पुढच्या माणसाने अधूनमधून स्वतःची नाडी पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मला फार वाटते, कारण त्याला पैसा लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवून पुरते एक मिनिट थांबावे. ठोके किती आहेत यापेक्षा त्यांच्यातील अंतर सारखे आहे का, याकडे लक्ष द्यावे. अंतरात काहीच मेळ लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा. घरी वापरायच्या रक्तदाबाच्या यंत्रांपैकी काहींवर अनियमित ठोक्यांचे चिन्ह उमटते आणि मनगटी घड्याळेही आता सूचना देतात. पण ती केवळ सूचना असते, निदान नव्हे. निदानासाठी डॉक्टरांनी वाचलेला ईसीजीच लागतो.

एएफ निघाला म्हणजे प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. डॉक्टर त्यासाठी गुण मोजतात. हृदय कमकुवत असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा हृदयविकाराचा झटका किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, यांना प्रत्येकी एक गुण. वय ६५ ते ७४ असल्यास एक आणि ७५ किंवा त्याहून अधिक असल्यास दोन. आणि पूर्वी लकवा किंवा काही मिनिटांत ओसरलेला अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर दोन. पूर्वी स्त्री असण्यालाही एक गुण होता. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो काढून टाकला. दोन किंवा अधिक गुण असतील तर गोळी घ्यावी आणि एक गुण असेल तर विचार करून ठरवावे, असा त्यांचा साधारण सल्ला आहे. अडुसष्ट वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असलेल्या बाईंचे तीन गुण होतात. आमच्या तालुक्यात अशा बायका गल्लोगल्ली आहेत. या संपूर्ण हिशेबात धडधडीला एकही गुण नाही, हे मी गिऱ्हाइकांना आवर्जून दाखवतो.

त्यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मग ती ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतली तर नाही का चालणार? स्वस्त पडते आणि त्रासही नाही." हा समज एवढा पक्का रुजला आहे, की काही जुन्या चिठ्ठ्यांवरही तो दिसतो. एएफमधील लकवा टाळण्यासाठी वॉरफेरिनच्या, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या जुन्या गोळीच्या, जातीचे औषध नीट मात्रेत घेतले, तर धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटतो. ॲस्पिरिनने तो फार तर पाचव्या हिश्श्याने घटतो, आणि वयोवृद्धांत तेवढाही भरवसा देता येत नाही. बरे, ॲस्पिरिन निर्धोक आहे म्हणावे तर तेही खरे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ॲव्हेरोझ नावाच्या चाचणीत वॉरफेरिन देणे योग्य नाही असे ठरलेल्या सुमारे ५,६०० रुग्णांपैकी काहींना ॲपिक्साबॅन आणि काहींना ॲस्पिरिन देण्यात आले. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत लकवा किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्के होते, तर ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के, आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, म्हणजे अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के होते. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, इतका फरक उघड दिसत होता. ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्यांची गोष्ट वेगळी आहे; त्यांना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतंत्र कारणासाठी दिलेले असते आणि ते किती महिने घ्यायचे, हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. पण एएफसाठीच्या गोळीला पर्याय म्हणून ॲस्पिरिन मागायला कुणी आले, की मी देत नाही आणि डॉक्टरांना फोन लावतो. गिऱ्हाईक नाराज होते, ते होऊ द्यावे.

जुन्या औषधांबद्दलची भीतीही समजून घेण्यासारखी आहे. वॉरफेरिन हे उंदराचे औषध आहे, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो, आणि पंचाईत अशी की तो खोटा नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील घटक तिथल्या विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढला आणि त्याच कुळातले वॉरफेरिन १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. मात्रेवर सारे अवलंबून असते, आणि या औषधाची मात्रा रक्त तपासूनच ठरवावी लागते. आपल्याकडे वॉरफेरिनपेक्षा त्याचेच भावंड असलेले ॲसेनोकूमारॉल अधिक चालते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर नावाच्या तपासणीत आकडा साधारण २ ते ३ यांच्या दरम्यान राहिला, तर औषध काम करते आहे असे समजावे. २ च्या खाली गेला तर गुठळीचा धोका आणि ३ च्या फार वर गेला तर रक्तस्रावाचा.

हे औषध घेणाऱ्यांच्या हातातील चिठ्ठी पाहण्यासारखी असते. 'सोम, बुध, शुक्र २ मि.ग्रॅ.; बाकी दिवस ३ मि.ग्रॅ.' असे काहीसे तिच्यावर लिहिलेले असते आणि घरी दोन ताकदींच्या, एकसारख्याच दिसणाऱ्या पट्ट्या एकाच डब्यात पडलेल्या असतात. मी दोन्ही पट्ट्यांच्या मागे जाड मार्करने वार लिहून देतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री गोळी घेतल्यावर त्या तारखेवर खूण करायला सांगतो, कारण 'आज घेतली की नाही' या शंकेपायी दुसऱ्यांदा घेतलेली गोळी विसरलेल्या गोळीइतकीच वाईट. पालेभाज्यांचा बाऊ मात्र अकारण केला जातो. मेथी, पालक, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते हे खरे, पण त्यावर भाजी सोडून देणे हा उपाय नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच नेमाने खात राहावे, म्हणजे मात्रा त्या हिशेबाने बसते. एकदम सोडली किंवा श्रावणात एकदम वाढवली, तर आकडा हलतो.

त्याहून मोठा घात दुसरीच औषधे करतात. जुलाबासाठी सहज घेतलेले मेट्रोनिडाझोल, गजकर्णासाठी दिलेले फ्लुकोनाझोल, लघवीच्या संसर्गावरचे को-ट्रायमॉक्साझोल यांनी आयएनआर झपाट्याने चढतो. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिनने तो कोसळतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांच्या जठरातून रक्त जाण्याची शक्यता वाढते, आणि हे ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तितकेच लागू आहे. ताप आला की कमरेत इंजेक्शन टोचून घेण्याची आपल्याकडची आवड तर या मंडळींनी पूर्ण सोडावी. स्नायूत आतल्या आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. इंजेक्शन देण्याआधीच आपण कोणती गोळी घेतो, ते सांगितले पाहिजे.

२००९ ते २०१३ या काळात डॅबिगॅट्रान, रिवरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन आणि एडोक्साबॅन या चार नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकूण ७१,००० हून अधिक रुग्णांची ती माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वॉरफेरिनच्या तुलनेत लकवा व गुठळ्या सुमारे १९ टक्क्यांनी कमी आणि कवटीतील रक्तस्राव निम्म्याहून कमी आढळला, मात्र पोटातील रक्तस्राव काहीसा वाढला. आयएनआरच्या फेऱ्या वाचतात, ही ग्रामीण माणसासाठी लहान गोष्ट नव्हे. परंतु फेऱ्या वाचल्या म्हणजे शिस्तही संपली, असा समज करून घेतला जातो. या गोळ्यांचा परिणाम सुमारे एका दिवसात ओसरतो. जुनी गोळी एखाद्या दिवशी चुकली तर थोडे निभावून जाई, इथे लागोपाठ दोन दिवस चुकले म्हणजे माणूस औषधाविनाच असतो. पट्टी संपल्यावर पेन्शन जमा होईपर्यंत आठवडाभर थांबणे म्हणजे तो आठवडा दैवावर सोडणे होय. आता बऱ्याच कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो, तेव्हा परवडत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगून स्वस्त पर्याय लिहून घ्यावा. गप्प राहून गोळी बंद करू नये.

प्रत्येक गोळीचे आपापले नखरे आहेत. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पाण्यात कालवायची नाही आणि मूळ वेष्टनातून काढून साप्ताहिक डबीत भरून ठेवायची नाही, कारण तिला दमट हवा सोसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. रिवरॉक्साबॅनची १५ किंवा २० मि.ग्रॅ.ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. त्यामुळे संकष्टीच्या दिवशी ती सकाळी चहाबरोबर न घेता चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर घ्यावी, आणि ज्यांचे उपवास सतत चालतात त्यांनी गोळी निवडतानाच डॉक्टरांना तसे सांगावे. मूत्रपिंडाचे काम मोजणारी क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अधिक वेळा करावी लागते.

मात्रेच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. 'म्हातारं माणूस आहे, थोडी कमीच देऊ' या विचाराने ॲपिक्साबॅन ५ ऐवजी अडीच मि.ग्रॅ. दिले जाते. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच सर्वसाधारणपणे मात्रा कमी करायची असते. आपल्याकडे वजन ६० च्या आत असलेली वृद्ध माणसे पुष्कळ, म्हणून एक अट सहज पुरी होते. दुसरी आहे का, हे तपासूनच ठरवावे. उगाच निम्मी केलेली मात्रा लकव्यापासून निम्मे संरक्षण देते असेही नाही.

नव्या गोळ्यांचा गवगवा झाल्यावर सगळ्यांनाच त्या हव्याशा वाटतात. पण दोन प्रकारच्या रुग्णांसाठी त्या नाहीत. ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे, आणि ज्यांची हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप संधिवाती तापामुळे आकुंचित झाली आहे, त्यांनी जुनेच औषध आयएनआर पाहून घ्यायचे असते. दुसरा गट युरोप-अमेरिकेत जवळजवळ उरलेला नाही, पण आपल्याकडे तो मोठा आहे आणि त्यात तरुण बायका बऱ्याच असतात. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, त्याकडे दुर्लक्ष झाले, आणि तिशीत झडप अरुंद होऊन एएफ सुरू झाला, अशी ही कहाणी असते. यांच्याविषयी मोठी चाचणी व्हायला २०२२ उजाडले. इन्व्हिक्टस नावाच्या त्या चाचणीत भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांवर रुग्ण होते. रिवरॉक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा जुने औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. या रुग्णांमध्ये गुण मोजण्याचाही प्रश्न नसतो, एएफ आहे म्हणजे गोळी हवीच. मूल होण्याचा विचार असेल तर मात्र जुनी गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. आणि बालपणी सांधे सुजलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी सांगितलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकवणे, हा या प्रकारच्या लकव्यावरचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

रक्तस्रावाच्या भीतीने, विशेषतः 'आजी पडल्या तर?' या काळजीने, घरचेच गोळी बंद करतात. ही भीती वाजवी आहे, पण तिचे वजन नीट तोलले पाहिजे. १९९९ साली कॅनडातील संशोधकांनी हिशेब मांडला होता, की पडल्यामुळे मेंदूभोवती रक्त साकळण्याचा धोका वॉरफेरिनच्या फायद्यापेक्षा जड व्हायला वृद्ध माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. हिशेब कागदावरचा आहे हे मान्य, तरी दिशा कळते. गोळी काढण्याऐवजी न्हाणीघरात दांडा बसवावा, रक्तदाब आटोक्यात ठेवावा, दारू आणि वेदनाशामके बंद करावीत. दात घासताना हिरडीतून थोडे रक्त आले म्हणून घाबरायचे कारण नाही. काळी डांबरासारखी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, डोक्याला मार लागणे, या गोष्टींसाठी मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दात काढायचा असेल तरी बऱ्याचदा गोळी थांबवावी लागत नाही. थांबवायचीच असेल तर किती दिवस, हे दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे.

धडधडीवर स्वतंत्र उपचार आहेत. ठोके ताळ्यावर आणणारी औषधे, विजेचा सौम्य झटका, नळीवाटे केलेले अब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करणे) यांनी पुष्कळांना खरोखर बरे वाटते. पण २००२ च्या अफर्म चाचणीत, ठोके सुरळीत करण्याचे उपचार घेतलेल्या आणि नुसता वेग आटोक्यात ठेवलेल्या अशा दोन्ही गटांत, बहुतेक लकवे वॉरफेरिन बंद केलेल्या किंवा आयएनआर अपुरा असलेल्या रुग्णांना झाले. म्हणूनच अब्लेशन यशस्वी झाले तरी गोळी पुढे ठेवायची की नाही, हे पुन्हा त्या गुणांवरच ठरते. ज्यांना कोणतीच गोळी सोसत नाही, त्यांच्या अलिंदाच्या थैलीचे तोंड नळीवाटे छोटे उपकरण बसवून बंद करता येते. ती सोय मोठ्या शहरांत आहे आणि महाग आहे.

इतके करूनही लकवा होऊ शकतो. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे, एकदम तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही झाले, तर तेल चोळत न बसता १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यावे की नाही हे रुग्ण कोणती गोळी घेतो व शेवटची कधी घेतली, यावर अवलंबून असते. डॅबिगॅट्रानचा परिणाम लगेच उतरवणारे इंजेक्शन काही ठिकाणी उपलब्ध असते, त्यामुळे नेमके नाव कळले तर डॉक्टरांचा मार्ग मोकळा होतो. गोळीचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहिलेला कागद म्हणूनच पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवावा, आणि रुग्णवाहिकेत चढताना गोळ्यांची पट्टी बरोबर घ्यावी.